वजनमापे काकांचा छटाक

वजनमापे काकांच्या हातात काहीही दिलं की ते आधी तळहात जरा खालीवर करायचे. भाजीची पिशवी असो, लग्नपत्रिकांचा गठ्ठा असो, बारशाला मांडीवर ठेवलेलं बाळ असो. हात झुलायचा, डोळे अर्धवट मिटायचे आणि तोंडातून आकडा यायचा. बाळांच्या आज्यांना हे आवडायचं नाही. त्या घाईघाईनं बाळ पदराआड घ्यायच्या. काका शांतपणे म्हणायचे, "नजर नाही लागत हो माझी. फक्त माप कळतं." मी माझं पत्रकांचं बंडल पहिल्यांदा त्यांच्या हातात दिलं, तेव्हा तेही त्यांनी असंच जोखलं. म्हणाले, "मजकूर जड दिसतोय. कागद मात्र हलका आहे."

वजनमापे हे त्यांचं आडनाव नव्हतं. ते सरकारच्या वजनमापे खात्यात निरीक्षक होते. मोंढ्यातले, शहागंजातले, आठवडी बाजारातले तराजू तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. लोखंडी वजनाच्या बुडाशी एक खाच असते आणि त्या खाचेत शिसं ओतलेलं असतं. वजन खरं उतरलं की त्या मऊ शिशावर खात्याचा शिक्का मारायचा, खोटं निघालं की जप्त करायचं. निवृत्त झाल्यावर शेंद्र्याच्या बाजूला, जिथं शहर संपत होतं आणि दर महिन्याला थोडं पुढं जाऊन संपत होतं, तिथं गुंठेवारीच्या प्लॉटवर त्यांनी दोन खोल्या बांधल्या. त्यांच्या भिंतीला लागून आमचं घर. माझे वडील शहराच्या त्या टोकाला, वाळूजच्या कारखान्यात शिफ्टच्या बसनं जायचे. संघटनेची पत्रकं घरात इतकी असायची की माझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरंही त्यांचीच असत. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच पत्रकं लिहायला लागले.

आमच्या कॉलनीला नाव होतं, कमान होती, नळ नव्हता. प्लॉट विकणाऱ्यांनी नकाशात बाग दाखवली होती, कारंजं दाखवलं होतं. हे मी तेव्हाही छापलं होतं आणि आजही छापीन. पाणी यायचं ते टँकरनं. दुष्काळाच्या वर्षांत तेही येईल तेव्हा खरं.

अशाच एका कोरड्या उन्हाळ्यात काकू दारातल्या ड्रमवर झाकण ठेवायला गेल्या, तर ड्रमच्या काठावर एक पाखरू बसलेलं. राखाडी अंग, पिवळं डोकं, गालांवर नारिंगी टिकल्या आणि डोक्यावर तुरा. काकू ओरडल्या, "अहो, बघा, हळद लावून कोण पाव्हणा आलाय!" ते कॉकॅटील होतं, कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेलं आणि तहानेनं खाली उतरलेलं. काकांनी कमानीजवळच्या विजेच्या खांबावर सूचना चिकटवली : पाखरू सापडले आहे, खूण पटवून घेऊन जावे. कुणी आलं नाही. तरी कित्येक महिने ते म्हणायचे, "मालकी माझी नाही. फक्त ताबा माझा आहे." नाव ठेवलं छटाक. छटाक म्हणजे जुन्या शेराचा अगदी लहान तुकडा. खरं तर ते पाखरू दीड छटाक भरायचं, पण नाव ठेवताना अर्धा छटाक सोडून देण्याइतके काका उदार होते.

रोज सकाळी ओट्यावर छटाकचं वजन व्हायचं. एका पारड्यात छटाक, दुसऱ्यात पन्नास ग्रॅमचं लोखंडी वजन आणि वर पितळेची बारीक वजनं. ते लोखंडी वजन काकांना फार प्रिय होतं. नोकरीत त्यांनी शिक्का मारलेलं ते पहिलं वजन. दुकान बंद करताना एका किराणावाल्यानं आठवण म्हणून त्यांना परत आणून दिलं होतं. तोलून झालं की छटाक पारड्यातून उतरायचा, ते वजन चोचीनं आडवं पाडायचा आणि बुडाचं शिसं कुरतडत बसायचा. काका कौतुकानं बघायचे. "खात्याचाच माणूस आहे. शिक्का तपासल्याशिवाय सोडत नाही." आम्ही सगळे हसायचो.

एवढं रोज काय तोलायचं, असं मी एकदा विचारलं. दुष्काळात पाखराचे इतके लाड मला खटकत होते आणि ते मी लपवत नव्हते. काका म्हणाले, "हे पाखरू आजार लपवतं. थव्यात जे आजारी दिसतं त्यालाच ससाणा उचलतो, म्हणून दुखत असलं तरी ताठ बसतं. तुला आजारी दिसेल तेव्हा फार उशीर झालेला असेल. पिसांआडून मांस किती उतरलं ते डोळ्याला कळत नाही, पारड्याला कळतं."

दुसरी पाहणी पिंजऱ्याच्या तळाची. तिथं ते माझी उरलेली पत्रकं अंथरायचे. मी भांडले. टोलनाक्याविरुद्धचं पत्रक होतं, त्यावर मी बरीच मेहनत घेतली होती. "अगं, छापलेली बाजू खालीच ठेवलीय," काका म्हणाले. "मला कोरी बाजू लागते. विष्ठेचा रंग कोऱ्या कागदावर खरा दिसतो. छापलेल्यावर काहीच कळत नाही." काकू आतून म्हणाल्या, "ह्यांच्यासारखा शिकलेला माणूस सकाळी पेपर वाचतो. हे विष्ठा वाचतात." काका वाचतच होते. मध्ये हिरवट, कडेला पांढरं आणि थोडं पाणी, म्हणजे सगळं ठीक.

पुढच्या वर्षी टँकर संक्रांतीलाच सुरू झाले. पाऊस आधीच दगा देऊन गेला होता. त्याच आठवड्यात जुना पुरवठादार गेला आणि नवा आला. नव्या टँकरच्या पाण्याला गाळाचा वास यायचा. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी काकांना पारड्यातून पितळेचं एक वजन काढावं लागलं. दुसऱ्या सकाळी आणखी एक.

काकूंना ते पटेना. "दाणे तर खातोय. वाटी बघा की." काकांनी वाटीत फुंकर मारली. वरची टरफलं उडाली आणि खाली सोललेले दाणे तसेच पडलेले. तो दाणे फोडत होता, गिळत नव्हता. त्या दिवशी समोरच्या सुरेखाताई तिळगूळ घेऊन आल्या. छटाक दांडीवर अंग फुगवून, डोळे मिटून बसला होता. सुरेखाताई म्हणाल्या, "अगं बाई, किती गुटगुटीत झालाय!"

"गुटगुटीत नाही झालेला," काका म्हणाले. "ऊब धरून ठेवायला पिसं फुगवलीत त्यानं. शेपूट बघा, श्वासागणिक खालीवर होतीय. निरोगी पाखरू एका पायावर निजतं, हा दोन्ही पायांनी दांडी धरून आहे." पिंजऱ्यातला कागद त्यांनी उजेडात धरला. कोऱ्या बाजूवर गडद हिरवं पाणी पसरलं होतं. पांढरं जवळजवळ नव्हतंच.

मग घरात आजारपण मांडलं गेलं. पिंजऱ्याला तीन बाजूंनी शाल, चौथ्या बाजूला पिवळा बल्ब, दांडी खाली उतरवलेली, म्हणजे पडला तर लागायला नको. काकू चोचीत चमच्यानं पाणी घालायला निघाल्या, त्यांना काकांनी थांबवलं. तसं पाणी छातीत जातं. काकू म्हणाल्या, "मला ताप आला तेव्हा एक गोधडी टाकली होती अंगावर. ह्याला शाल काय, बल्ब काय."

"तू दुखतंय ते सांगतेस. हा सांगत नाही."

"मी सांगते, आणि तुम्ही ऐकता का?"

काका ओट्याशी उभे राहून स्वतःशीच मोजत होते. दाणे तेच. पिंजरा तोच. जागा तीच. "बदललंय काय? फक्त पाणी," ते मला म्हणाले. "पाण्याचा संशय येतोय मला. नुसता संशय, बरं का."

मला तेवढं पुरे होतं. पाणी वास मारत होतं, पोरांची पोटं बिघडत होती, आणि तक्रार केली की कुणीतरी पुरावा मागत होतं. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मथळा होता : आज पाखरू, उद्या तुमचं लेकरू! खाली लिहिलं की टँकरचं पाणी विषारी आहे आणि वजनमापे खात्याच्या निवृत्त निरीक्षकांनी ते दाखवून दिलं आहे; काकांचं नावही घातलं. संशय हा शब्द पत्रकात बसत नाही. सकाळी कॉलनीत वाटलं, दुपारी क्रांती चौकात. पत्रक चाललं. एरवी दारातून हात न काढणारी माणसं मागून घेत होती. दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पुरवठादाराचा निरोप आला : विष म्हणता ना, मग पिऊ नका.

बायका रिकामे ड्रम रस्त्यावर मांडून बसल्या. संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक ठरली. मला हा विजयच वाटत होता. आता पालिकेला नळाचं बोलावंच लागणार होतं. काकांनी पत्रक वाचलं, उलटून कोरी बाजू पाहिली आणि एवढंच म्हणाले, "माझं नाव घालताना विचारायचं होतंस." पुढं बोलायला त्यांना सवड नव्हती. छटाक दांडीवरून खाली पडला होता आणि तळाशी मान वाकडी करून बसला होता.

आम्ही रिक्षानं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. काकांनी छटाकला भोकं पाडलेल्या खोक्यात जुन्या धोतरावर ठेवलं होतं. सोबत विष्ठेचे दोन कागद घडी घालून घेतले होते आणि टँकरच्या पाण्याची बाटली. दवाखान्यात शेळ्या होत्या, एक कालवड होती. बरेच डॉक्टर चारा छावण्यांवर गेलेले. एक तरुण डॉक्टरीण तेवढी होती. तिनं छटाकला हातात घेऊन छातीचं हाड चाचपलं, कागद पाहिले, आणि कुणाला तरी फोन लावून बराच वेळ बोलली. मग वळून विचारलं, "काका, हा घरात काय काय चावतो?"

"दाणे. चोच घासायला समुद्रफेस. पालक धुऊन देतो."

"खाण्याचं नाही. धातूचं काही? जस्ताची तार, शिसं, असलं काही?"

 काकांचा उजवा हात पुढं झाला आणि तळहात खालीवर होऊ लागला. त्यावर काहीच नव्हतं.

एक्स-रे काढला तेव्हा छटाकच्या पोटात ज्वारीच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके दिसले. डॉक्टरीण म्हणाली, शिसं अंगात भिनलंय, ते रक्तातून बाहेर काढणारं इंजेक्शन असतं. वजन उतरलेलं वेळेवर ओळखलंत म्हणून आशा आहे. औषध तिथं नव्हतं. ते आम्ही मोठ्या दवाखान्यासमोरच्या दुकानांत फिरून शोधून आणलं. पहिली सुई टोचताना छटाक ओरडलासुद्धा नाही. रिक्षात खोकं मांडीवर घेऊन काका म्हणाले, "रोज मोजत होतो. आणि मोजतानाच देत होतो."

जालना रोडवर आल्यावर त्यांनी विचारलं, "पारावर बैठक किती वाजता आहे?"

मी समजले. म्हटलं, "काका, आज नको. पाणी घाण आहे ते आहेच. तुम्ही आज उठून बोललात तर सगळं फुस्स होईल. चार दिवस गप्प राहा फक्त."

"पाणी घाण असेल. पण हे ह्या पाखरानं सांगितलेलं नाही. माझ्या पाखराचं वजन तू तुझ्या पारड्यात टाकलंस. ते काढून घ्यायला येतोय मी. बाकीचं तुझं तू तोल."

"त्यांच्या पारड्यात टँकर आहेत, पुढारी आहेत, सगळं खातं आहे. आपल्या पारड्यात काय आहे?"

काका हसले. त्या दिवसात पहिल्यांदाच. "नोकरीभर हेच ऐकलं बघ. खोटं वजन सापडलं की प्रत्येक दुकानदार हेच म्हणायचा. साहेब, समोरचा लई मोठा आहे, मी कशानं पुरा पडू?"

मला राग आला. दुकानदार आणि आम्ही एकाच मापात बसत नाही, असं मी म्हणाले.  काका खोक्यावरचा कपडा सारखा करत राहिले.

पारावर ते उभे राहिले आणि कचेरीत हजेरी द्यावी तशा सुरात सगळं सांगितलं. पाखराला शिशाची बाधा झाली आहे, शिसं माझ्या वजनातलं आहे, पाण्याचा त्याच्याशी संबंध नाही, पत्रकातलं माझं नाव कृपया वगळून वाचावं.  मग सुरेखाताई उठल्या. "काका, दोन दिवस झाले, पोरांना अंघोळ नाही. आणि आता सांगताय, पाखरानं लोखंड खाल्लं?"

"शिसं," काकांनी दुरुस्त केलं.

"तुमचा शिक्का, तुमचं पाखरू, अन् पाणी बंद आमचं!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. ते हसणं वाईट होतं. काका हात जोडून उभे राहिले, हसणं संपेपर्यंत. मग म्हणाले, "टँकरवाल्याला मी जाऊन सांगतो," आणि चालू लागले. माझे वडील शिफ्टवरून आले होते, ते पाराच्या कडेला उभे होते. घरी येताना म्हणाले, "माणूस सरळ हाय. पण असल्या माणसासंगं लढाई करणं लई अवघड."

दुसऱ्या सकाळी टँकर आला. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढून विचारलं, "क्या चाचा, चिड़िया बयान बदल दी क्या?" सगळी रांग खदखदली.

"हौ," काका म्हणाले. "अब तुम्हारा पानी बयान देगा. नळी इधर करो."

त्यांच्या हातात उकळून घेतलेली काचेची बाटली होती. ती त्यांनी सगळ्यांसमोर भरली, बूच लावलं, लाख वितळवून मोहोर केली, आणि ड्रायव्हरला चिठ्ठीवर सही करायला लावली. त्याचं हसणं तिथं संपलं. बाटली सरकारी प्रयोगशाळेत गेली. मला ते सगळं वेळकाढू वाटलं. अजूनही थोडं वाटतं. अहवाल आला तेव्हा उन्हाळा लागला होता आणि तो टँकर आमच्याकडं येणं बंद होऊन पलीकडच्या नव्या कॉलनीत जात होता. काका अहवाल घेऊन आमच्या दारात आले. पाणी पिण्यास अयोग्य, असं त्यावर लिहिलेलं होतं. "आता छाप," ते म्हणाले. "ह्या खेपेला पाखराला मध्ये आणू नको." मी छापलं. पलीकडच्या कॉलनीत दारोदार वाटलं. पुरवठादाराला ते खोडता आलं नाही.

छटाक वाचला. बरेच दिवस काकू त्याला सुई काढलेल्या पिचकारीनं पातळ लापशी भरवत होत्या, अगदी चोचीच्या कडेनं, डॉक्टरणीनं शिकवलं तसं. तोंडानं मात्र म्हणायच्या, "नातवंडांचं नाही केलं एवढं." त्याचा तोल पूर्ण परत आला नाही. दांडीवर तो जरा डावीकडं कलून बसायचा. घरात विजेचा काटा आला. काकांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, आठवड्यातून एकदा पितळेची वजनं ठेवून ते त्याची परीक्षा घ्यायचे. कॉलनीतली पोरं त्यांना काही दिवस शिसेकाका म्हणत होती. ते ओ द्यायचे.

मग रस्ता रुंद करायचा ठरला. शहराला शेंद्र्यापर्यंत पोचायची घाई होती. खांबांवर खुणा झाल्या, आणि काकांची पुढची खोली खुणेच्या आत आली. त्याविरुद्धही मी पत्रक काढलं. काकांनी टेपनं अंतर मोजून मला खरा आकडा दिला, माझ्या आकड्यापेक्षा कमी, आणि मी तोच छापला. रस्ता झालाच. ते दोघं मुलीकडं नांदेडला निघाले. टेम्पोत पुढं काकू बसल्या, मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यात कललेला छटाक.

निघताना काकांनी ते लोखंडी वजन माझ्या हातात दिलं. बुडाचं शिसं त्यांनी पेचकसानं पूर्ण खरवडून काढलं होतं, त्यांच्या पहिल्या शिक्क्यासकट. खाच रिकामी होती.

"शिक्का गेला की वजन बाद," ते म्हणाले. "बाजारात चालणार नाही हे."

"मग मला कशाला?"

"तुझे कागद उडतात."

नांदेडला दुसऱ्या वर्षी काका वारले. मला उशिरा कळलं. काकूंना फोन केला आणि छटाकचं विचारलं. "आहे की," काकू म्हणाल्या. "रोज सकाळी उठून काट्यावर जाऊन उभा राहतो. मला त्यातलं काय कळतंय? मी आपली म्हणते, बरं बरं. मग उतरतो."

वजन माझ्या टेबलावर, छापायला जाणाऱ्या कागदांवर असतं. त्याच्या पाठीवर पन्नास ग्रॅम असं ठळक उठवलेलं आहे. ते तेवढं भरत नाही. खालचे कागद काढायचे तर ते आधी उचलावं लागतं. उचललं की माझा हात आपोआप जरा खालीवर होतो, आणि मग मी मजकूर पुन्हा एकदा वाचते.